अलंकार ओळखणे आणि अलंकार समजणे : ‘कणा’ कवितेच्या आधारे

सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथील खांबांवरचे कोरीवकाम वेगळे घडवून वरून चिकटवलेले नाही. ज्या दगडाने भार पेलला आहे, त्याच दगडात ते कोरले आहे. काव्यातील अलंकारही असाच पाहावा. अलंकाराचे नाव लिहून थांबणाऱ्या उत्तरात भाराचा विचार राहून जातो.

कुसुमाग्रजांची (वि. वा. शिरवाडकर, १९१२–१९९९) ‘कणा’ ही छोटी कविता समोर ठेवा. पुरात घर वाहून गेलेला माजी विद्यार्थी भर पावसात सरांकडे येतो आणि घडलेले सांगतो, एवढाच प्रसंग. नदीला तो घरी आलेली पाहुणी मानतो. मानवेतर वस्तूवर मानवी वर्तनाचा आरोप झाल्यामुळे येथे चेतनगुणोक्ती अलंकार होतो. मात्र नदीला गंगा म्हणणे ही कवीची कल्पना नव्हे. नाशिक परिसरात गोदावरीला गंगाच म्हणतात.

लगेच उपमा येते. नदी हे उपमेय, माहेरवाशीण हे उपमान, घरभर मोकळेपणाने वावरणे हे साधर्म्य आणि ‘सारखी’ हा साधर्म्यवाचक शब्द. चारही घटक सापडले, तरी खरा प्रश्न उरतोच : माहेरवाशीणच का? माहेरी ती हक्काने येते आणि तिला रिकाम्या हाताने पाठवण्याची आपल्याकडे रीत नाही. ही रीत ध्यानात घेतली की सारे चित्र पालटते. पुराने ज्याचे सर्वस्व नेले तो लुबाडला गेलेला माणूस राहत नाही. लेकीची पाठवणी करणारा यजमान ठरतो. डोळ्यांत उरलेल्या पाण्याला तो प्रसाद मानतो, त्यात काही अभ्यासकांना उपरोध दिसेल. प्रस्तुत लेखकास तो तितकासा जाणवत नाही; यजमानाच्या बोलण्याशी श्रद्धेचा सूरच अधिक जुळतो.

आता सरांचा हात खिशाकडे का जातो, ते पाहा. सरांनी हकीकत ऐकली, पण उपमा ऐकली नाही. त्यांना समोर गरजू दिसला. यजमानाच्या भूमिकेतून बोलणारा पैसे कसे घेईल? तो हसत उठतो. त्याला हवा आहे तो पाठीवर हात. कवितेची कलाटणी अशी उपमेतूनच निर्माण होते.

शीर्षकातील शब्दाबाबत मात्र सावध राहा. ‘कणा’ येथे अलंकार म्हणून नोंदवू नये. वाच्यार्थ पाठीचा कणा, लक्ष्यार्थ मनाची उभारी. म्हणजे हा लक्षणेचा व्यापार आहे. शिवाय पाठीवर हात ठेवण्याची विनंती असल्यामुळे वाच्यार्थही पूर्णपणे मागे पडत नाही.

स्वाध्याय : माहेरवाशिणीच्या जागी ‘शत्रू’ हे उपमान कल्पून कविता पुन्हा वाचा. पुढील कोणकोणते तपशील निराधार होतात, ते सुमारे शंभर शब्दांत लिहा.