पानाचा ताप सांगतो पाण्याची वेळ

रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर जलमय झाले होते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावरील वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उतारावरची उथळ जमीन पाणी धरून ठेवत नाही. भातानंतरचा वाल जमिनीतील ओलाव्यावर निघतो. भाजीपाल्याला मात्र विहिरीचे मोजके पाणी पुरवून वापरावे लागते. मग पाण्याची पाळी नेमकी केव्हा द्यावी?

याचे उत्तर पानाच्या तापमानात दडलेले आहे. पाने आपल्या सूक्ष्म रंध्रांतून बाष्प सोडतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते आणि पान थंड राहते. मुळांना पाणी कमी पडले की रंध्रे मिटू लागतात व पान तापते. कोमेजणे डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ही वाढ टिपता येते.

पानातून बाहेर पडणारे अवरक्त किरण मोजून, स्पर्श न करता तापमान सांगणारे उपकरण म्हणजे अवरक्त तापमापक. करोनाकाळात कपाळासमोर धरले जाणारे यंत्र याच तत्त्वावर चाले. मात्र ते मानवी शरीरापुरतेच आखलेले असते. शेतासाठी अधिक व्यापक पल्ल्याचे उपकरण लागते.

अमेरिकेतील ॲरिझोना येथे शेरवूड इड्सो, रे जॅक्सन आदी शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये या मोजणीवरून पिकाचा जलताण निर्देशांक मांडला. शून्य म्हणजे ताण नाही. एक म्हणजे बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबलेले. तेथील कोरड्या हवेत भरपूर पाणी मिळालेले पीक हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड असते. कोकणच्या दमट हवेत हा फरक कमी भरतो. त्यामुळे तेथील आकडे येथे जसेच्या तसे लावणे फसवे ठरते. त्यापेक्षा शेतातील एक वाफा पुरेसा भिजवून ठेवावा आणि उरलेल्या पिकाची तुलना त्याच्याशी करावी.

मोजणी निरभ्र दिवशी, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान करावी. उपकरण तिरपे धरावे, तापलेली माती त्याच्या टप्प्यात येऊ देऊ नये आणि अनेक रोपांची सरासरी घ्यावी. ढग व वारा आकडे बिघडवतात. मूळकुजीनेही पान तापते. तेव्हा पाणी देणे अपायकारकच. शिवाय हे यंत्र पाणी केव्हा द्यावे ते सुचवते, किती द्यावे ते नाही. त्यासाठी माती उकरून ओल पाहण्याला पर्याय नाही.

जेथे शिंपण्याची आणि पिण्याची विहीर एकच आहे, तेथे मार्चमध्ये वाचलेली एक पाळी मे महिन्यातील हंड्यांसाठी शिल्लक राहते.