जाणिवेची किंमत कोणी मोजावयाची?

सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पृथ्वीवरून नाहीसा झालेला डोडो हा पक्षी आज मॉरिशस देशाच्या राजचिन्हावर विराजमान आहे. गमावलेल्या जीवाला राजचिन्हावर स्थान देणारा हा देश उरलेल्या जीवांचे काय करतो, हा प्रश्न वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा वाटेल. परंतु तो दोन कारणांनी आपलाही आहे. 1834 पासून त्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी जे करारबद्ध मजूर नेण्यात आले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांची मुले आजही तेथील शाळांतून मराठी शिकतात आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. हे झाले नात्याचे कारण. दुसरे कारण शास्त्राचे आहे. मॅकार्थर आणि विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये असे मांडले की, बेट जितके लहान आणि एकाकी, तितक्या कमी जीवजाती तेथे टिकून राहतात. पुढे अभ्यासकांनी हाच विचार जमिनीवरील तुटक रानांनाही लावला. जुना पुणे-मुंबई रस्ता, द्रुतगती मार्ग, लोहमार्ग आणि चाकण-तळेगावचे कारखाने यांच्या वेढ्यात उभ्या असलेल्या घोरावडेश्वर, भंडारा आणि भामचंद्र या टेकड्या त्या अर्थाने बेटेच होत. भोवती समुद्राऐवजी सिमेंट आहे, एवढाच फरक.

मॉरिशसची हानी अज्ञानातून झाली असे म्हणणे अपुरे ठरेल. 1638 मध्ये डच तेथे वसले. त्यांना आबनुसाचे लाकूड हवे होते. पुढे फ्रेंच आणि इंग्रज अमलात उसाची लागवड वाढली आणि साखरेच्या भावाने जंगलाचे भवितव्य ठरविले. आज चांगल्या स्थितीतील मूळ अरण्य बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. अरण्य तोडणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागली नाही. ती पुढच्या पिढ्यांच्या खात्यावर मांडली गेली. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, तो हाच.

ही चूक उमगल्यानंतर तेथील शासनाने केलेले प्रयत्न दखल घेण्याजोगे आहेत. 1992 च्या जैवविविधता कराराला अनुसमर्थन देणारे मॉरिशस हे पहिले राष्ट्र. 1994 मध्ये तेथे साडेसहा हजार हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. ससाण्याच्या कुळातील तेथील एक छोटा शिकारी पक्षी 1974 मध्ये रानात अवघा चार उरला होता. गुलाबी पारवा 1990 च्या सुमारास दहाच्या आसपास होता. शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या अनेक वर्षांच्या चिकाटीने आज हे दोन्ही पक्षी शेकड्यांनी मोजता येतात. इल-ओ-ऐग्रेत या सव्वीस हेक्टरांच्या चिमुकल्या बेटावर परकी झाडे उपटून मूळची झाडे लावण्यात आली. बियांचा प्रसार करणारी मूळ कासवे नामशेष झाली होती, म्हणून त्यांच्या जागी अल्डाब्रा येथील महाकाय कासवे आणून सोडण्यात आली. शाळकरी मुलांना तेथे नेऊन हे सारे दाखविले जाते. जाणीव भाषणाने नव्हे, तर दर्शनाने येते, हे तेथील शिक्षकांनी ओळखले आहे.

मग सारे सुरळीत चालले आहे काय? तसे म्हणता येत नाही. त्याच शासनाने 2015 मध्ये जैवविविधतेचा नवा कायदा करताना संरक्षित प्राण्यांची संख्या कमी करण्याची तरतूद त्यातच केली, आणि 2015 व 2016 या दोन वर्षांत तीस हजारांहून अधिक वटवाघळे मारली. ही फळे खाणारी जात मॉरिशसच्या परिसराबाहेर कोठेही आढळत नाही आणि मूळ अरण्यातील अनेक झाडांच्या बिया तीच पसरविते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने विरोध नोंदविला आणि 2018 मध्ये ही जात अधिक धोक्याच्या वर्गात घातली. परंतु लिची आणि आंबा पिकविणाऱ्या बागायतदाराची तक्रारही खोटी नव्हती. वर्षाचे पीक एका रात्रीत कुरतडले गेले तर त्याला वटवाघळाचे पर्यावरणीय महत्त्व कोणत्या तोंडाने सांगावयाचे? झाडांवर जाळी टाकल्यास हानी पुष्कळ घटते, हे अभ्यासकांनी दाखविले होते. जाळ्यांसाठी अनुदानही होते. तरीही निर्णय गोळीच्या बाजूने झाला, कारण बागायतदारांना मत होते आणि वटवाघळांना नव्हते. जाणीव सर्वांना वाटावयाची आणि तिचा खर्च मात्र काही थोड्यांच्या माथी मारावयाचा, असे झाले की जाणिवेचा पराभव ठरलेलाच.

याच्या उलट दृश्य 2020 मध्ये दिसले. 25 जुलै रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळांवर आदळले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरले. तेव्हा हजारो सामान्य नागरिक किनाऱ्यावर धावले आणि उसाचा पाला कापडात भरून त्यांनी तेल अडविणारे लांबलचक तरंगते बांध रचले. ज्या उसाने बेटाचे अरण्य गिळले, त्याच उसाचा पाला समुद्र वाचविण्याच्या कामी आला. समुद्र आपला आहे, ही भावना ज्यांच्या मनात होती, त्यांना हुकुमाची वाट पाहावी लागली नाही.

आता आपल्या टेकड्यांकडे वळू. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याविषयी निर्देश दिले. त्यामुळे आज पदवीचा विद्यार्थी पर्यावरणाची प्रश्नपत्रिका सोडवितो आणि उत्तीर्ण होताच ती विसरतो. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी असे सांगितले. सतरा वर्षे बहुतेकांनी ते मनावर घेतले नाही. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दरमहा दहा लाख रुपयांच्या भुर्दंडाची तंबी दिली, तेव्हा कोठे घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. दंडाच्या भीतीने भरलेली वही ही गावाची वही नव्हे. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला कोणते गवत केव्हा येते हे ठाऊक असते. ते ज्ञान त्या वहीत उतरले आहे काय, हे विचारावयास हवे.

वृक्षारोपणाचेही तसेच. राज्याने 2016 ते 2019 या काळात दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी अशी चढती लक्ष्ये ठेवली. परंतु कोरड्या टेकडीवर मूळचे असते ते गवत आणि खुरटी झुडपे. त्यांवरच कीटक आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी जगतात. तेथे खड्डे खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावणे म्हणजे हिरवळ वाढविणे असेल, जैवविविधता वाढविणे खचित नव्हे. शिवाय उन्हाळ्यात वणवा लागला की झाड आणि गवत दोन्ही जाते, आणि तो विझवावयास लक्ष्याचा आकडा येत नाही.

खर्चाचा प्रश्नही येथे तोच आहे. पुणे महापालिकेत 1997 मध्ये आलेल्या 23 गावांतील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण पडले. त्याच्या मोबदल्याचा दर आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क असा 2015 मध्ये ठरला, म्हणजे मधली अठरा वर्षे गेली. टेकडीची हवा साऱ्या शहराने घ्यावयाची आणि तिचा बोजा मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्याने उचलावयाचा, अशी ही विभागणी. अशा जमिनीवर अतिक्रमण झाले तर केवळ नीतिपाठाने ते थांबणार नाही.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पर्यावरणाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमातील प्रकल्पाचे गुण जवळच्या टेकडीची नोंदवही दरवर्षी अद्ययावत करण्यासाठी द्यावेत. विद्यार्थी गुराख्याला विचारतील, गवत ओळखतील, वणव्याची जागा नकाशावर मांडतील. दहा वर्षांत त्या टेकडीचा खरा ताळेबंद तयार होईल. दुसरी गोष्ट पैशाची. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्चावे लागतात आणि पर्यावरण हा त्यातील एक मान्य विषय आहे. या पट्ट्यातील कारखान्यांनी रोपे लावतानाच्या छायाचित्रांऐवजी वणवे रोखणारे जाळपट्टे, बारमाही रखवालदार आणि गवत राखणाऱ्या जमीनमालकाचा मोबदला यांवर तो पैसा लावावा. समित्यांनी तशी मागणी लेखी करावी.

तुकोबांचे नाव ज्या टेकड्यांशी जोडलेले आहे, त्यांच्या पायथ्याशी त्यांच्या वृक्षांवरील अभंगाच्या पाट्या लावणे सोपे आहे. मॉरिशसनेही डोडोचे चित्र राजचिन्हावर लावले. परंतु पारवा वाचला तो चित्रामुळे नव्हे. कोणीतरी रोज त्याची अंडी मोजली आणि त्या मोजणाऱ्याचा पगार कोणीतरी दिला, म्हणून तो वाचला.