चाकाच्या एका फेऱ्यात तीन हादरे

तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की स्टिअरिंग, सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरू लागतो. पाय उचलला की सगळे शांत. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन हौशी शर्यतीत उतरणाऱ्यांच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येतेच. मग ठरलेली धावपळ सुरू होते. आधी व्हील बॅलन्सिंग, मग नवे टायर, मग डिस्क, मग बेअरिंग. खिसा रिकामा होतो आणि थरथर जिथल्या तिथे राहते, कारण सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो: चाक एकदा फिरते तेवढ्यात हादरे किती बसतात?

या गाडीच्या पुढच्या चाकांवर कामाचा भार मोठा असतो. वळायचे त्यांनी, खड्ड्यात वरखाली व्हायचे त्यांनी, ब्रेकचा बहुतेक जोर सोसायचा त्यांनी आणि गाडी ओढायचीही त्यांनीच. इंजिनाची ताकद अशा हलत्या-वळत्या चाकापर्यंत नेणे अनेक वर्षे जमत नव्हते. फुलीच्या आकाराचा जुना युनिव्हर्सल जॉइंट तिरका झाला की पुढच्या शाफ्टचा वेग एकसारखा राहत नाही. ३० अंशांच्या कोनात तो एका फेऱ्यात दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी मंदावतो आणि दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. चाक वळवले की गाडी उसळ्या मारणारच.

फ्रान्समध्ये पिएर फेनाय आणि जाँ-आल्बेर ग्रेगवार यांनी १९२६ साली यावर ट्रॅक्टा जॉइंट काढला आणि १९२७ साली ग्रेगवार स्वतः फ्रंट-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टा गाडी घेऊन ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरले. आपल्या जोडणीवर विश्वास आहे हे सांगण्याचा याहून सरळ मार्ग मला सुचत नाही. त्याच सुमारास फोर्डचे अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी पोलादी गोळ्यांचा सी.व्ही., म्हणजे एकसारखा वेग राखणारा, जॉइंट तयार केला. १९५९च्या मिनीने तो घरोघरी नेला आणि १९६४, १९६५ व १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकून ही रचना शर्यतीतही टिकते हे दाखवून दिले. आपल्याकडे इरुंगट्टुकोट्टई आणि कोईमतूरच्या ट्रॅकवर पळालेल्या एस्टीम, होंडा सिटी आणि आपल्या चाकणला बनलेली पोलो या सगळ्या याच घराण्यातल्या.

प्रत्येक पुढच्या चाकाच्या शाफ्टला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एक्सलला, दोन जॉइंट असतात. चाकाकडचा सहसा सहा गोळ्यांचा, मोठा कोन सोसणारा. गिअरबॉक्सकडचा अनेक छोट्या गाड्यांत तीन रोलरचा, ट्रायपॉड. सस्पेन्शन वरखाली होताना शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी लागते आणि ती मुभा हा आतला जॉइंट देतो. दुखणेही पुष्कळदा तिथेच असते. शाफ्ट तिरका असताना जोर आला की रोलर आपल्या खाचेत सरळ गडगडत नाहीत, थोडे घासत सरकतात. प्रत्येक रोलर फेऱ्यागणिक एकदा शाफ्टच्या दिशेने ढकलतो. रोलर तीन, म्हणून हादरेही तीन. खाचा झिजलेल्या असल्या की हे ढकलणे साऱ्या गाडीला जाणवते.

आता थोडे गणित. २०५/५० आर १५ या टायरचा घेर सुमारे १.८४ मीटर. ताशी ८० किलोमीटरला तो सेकंदाला साधारण १२ वेळा फिरतो. सेकंदाला १२ हादरे असतील तर संशय टायर, रिम किंवा हबवर. ३६ असतील तर ट्रायपॉडवर. त्याच वेळी एखाद्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या पाचपट फिरत असेल तर फ्लायव्हील-क्लचच्या असमतोलाचे ६० आणि चार सिलिंडरच्या स्वाभाविक थरथरीचे १२० येतील. मोबाइल सीटच्या रुळाला घट्ट बांधला तर त्यातल्या सेन्सरवर चालणारे साधे ॲप १२ आणि ३६ यांतला फरक सहज दाखवू शकते. हजारोंचे सुटे भाग विकत घेण्याआधी हे अर्ध्या तासाचे काम करावे, हे माझे ठाम मत आहे.

ॲप नसले तरी ड्रायव्हर आहेच. एकाच वेगाने तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये चालवा. थरथर वेगाला चिकटून राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे, चाकाकडे. इंजिनाच्या आरपीएमबरोबर सरकली तर क्लच, फ्लायव्हील, माउंटिंगकडे बघा. ती पुष्कळदा उभ्या गाडीत न्यूट्रलमध्येही सापडते. मग सरळ रस्त्यावर पाय उचला. जोर जाताच थरथर गेली तर जॉइंट किंवा माउंटिंग, राहिली तर टायर, रिम, बेअरिंग. फक्त ब्रेकवर आली तर डिस्क. डाव्या वळणात घरघर वाढली तर पहिला संशय उजव्या बेअरिंगवर. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर हळू पिक-अप देताना टकटक आली तर बाहेरचा जॉइंट, आणि बहुतेकदा त्याचा बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटून ग्रीस उडालेले दिसेल.

शर्यतीच्या गाडीत काही फसव्या गोष्टीही असतात. रेसिंग लाइन सोडून गेले की तापलेल्या टायरला रबराचे तुकडे चिकटतात आणि एखाद-दोन लॅप गाडी मोडल्यासारखी हादरते. ब्रेक लॉक होऊन टायरवर सपाट चट्टा पडला तर तो हादरा मात्र जात नाही. रबरी माउंटिंग काढून कडक पॉलियुरेथेनचे बसवले तर इंजिनाची आधीपासूनची थरथर केबिनमध्ये येते. तो बिघाड नव्हे. पण त्या माउंटिंगने इंजिन थोडे सरकले असेल तर आतल्या जॉइंटची सरकण्याची जागा एका बाजूला संपते, आणि तो बिघाड आहे.

गाडी बेताने खाली आणली तर शाफ्ट पुष्कळदा सरळ होतो, अति खाली आणली तर उलटा तिरका. काही गाड्यांत लांब शाफ्टवर रबरात बसवलेले एक वजन असते. ‘कशाला हवे हे ओझे’ म्हणून काढून टाकणारे खूप आहेत. शाफ्टचे स्वतःचे कंपन आवरण्यासाठी कारखान्याने ते बसवलेले असते. ते कृपया परत लावा.

सर्वांत महागडी चूक जॅकवर होते. गाडी उचलून, चाके लोंबकळत ठेवून गिअरमध्ये फिरवली की जॉइंट इतक्या तिरक्या कोनात जातात की निरोगी एक्सलही खडखडतो. तेवढ्यावर चांगला एक्सल भंगारात जातो. तपासायचेच असेल तर खालच्या आर्मला स्टँडचा आधार देऊन चाके धावतानाच्या उंचीला आणा, मागची चाके अडवा आणि फिरत्या चाकापाशी कोणाला जाऊ देऊ नका.

आणि एक्सल बदलायची वेळ खरेच आली तर स्वस्तातला पुन्हा घासून दिलेला घेण्यापेक्षा जुना मूळ एक्सल उघडा. रोलरच्या खाचेतून नख फिरवा. खळगा नखाला लागला तर तो भाग टाका. लागला नाही तर धुऊन, योग्य ग्रीस भरून, नवा बूट चढवून परत बसवा. गाडी पुढच्या वेळी पिटमध्ये येईल तेव्हा पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला चार गोष्टी विचारून वहीत लिहा: वेग, गिअर, आरपीएम आणि पाय ॲक्सिलरेटरवर होता की नव्हता.