आईचा रिपोर्ट नॉर्मल आहे... खरंच?

शुक्रवारी ऑफिसातून निघायचं, रात्रीची देवगिरी पकडायची आणि सकाळी परभणी! दारात आई उभी. पण यावेळी जरा बुटकी झाल्यासारखी वाटतेय ना? "काही नाही रे, कंबर धरलीय नुसती. रक्त तपासलं की मागच्या महिन्यात, कॅल्शियम एकदम नॉर्मल!" झालं, तुम्ही निवांत. भाकरी-ठेचा खाऊन ताणून देता.

गडबड इथेच आहे. रक्तातलं कॅल्शियम शरीर कसंही करून ठरावीक पातळीवर ठेवतं. कमी पडलं की हाडांतून उचलतं. बँक बॅलन्स ठीक दिसतो, पण एफडी मोडून! म्हणून हाडं ठिसूळ झाली तरी हा आकडा बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. उंची कमी होणं मात्र मणका दबल्याची खूण असू शकते.

पाडकाम आणि बांधकाम

हाडांत जुनं पाडणं आणि नवं बांधणं कायम सुरू असतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि पाडकाम पुढे धावतं. त्याचा राडारोडा रक्तात सापडतो, तो सीटीएक्स. नव्या बांधकामाची खूण म्हणजे पी१एनपी. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी प्रमाण मार्कर म्हणून हीच जोडी सुचवली.

पण लगेच ऑनलाइन पॅकेज बुक करू नका! या टेस्ट ऑस्टिओपोरोसिसचं निदान करत नाहीत. त्यासाठी डेक्सा स्कॅन लागतो. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की निदान पक्कं. मार्करचा खरा उपयोग औषध सुरू झाल्यावर. डेक्सात फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात, सीटीएक्स मात्र तीनेक महिन्यांत सांगतो, की गोळी लागू पडतेय की आई ती घ्यायलाच विसरतेय.

सॅम्पल देताना

• रात्रभर उपाशी, सकाळी दहाच्या आत. जेवण आणि वेळ, दोन्हींनी सीटीएक्स बदलतो.
• दरवेळी तीच लॅब.
• केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, आकडा चुकू शकतो.
• अलीकडे हाड मोडलं असेल तर मार्कर काही महिने वाढलेले राहतात.

घाई कुणी करायची?

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अशा ऑपरेशनमध्ये अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, तिशीतसुद्धा. तेव्हा घरातल्या मावशी-काकूंनाही विचारा, ऑपरेशन कधी झालं आणि नेमकं काय काढलं?

आणि ताटाचं काय? पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आपली लाडकी ज्वारी त्यात फारशी भर घालत नाही. दूध, दही, तीळ, नाचणी ताटात हवीच.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत कॉलर ताठ करता ना? मग पुढच्या वीकेंडला भिंतीवर पेन्सिलने आईची उंची मोजा. तरुणपणापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी भरली, तर सोमवारची सुट्टी टाका आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. खुब्याचं हाड मोडल्यावर महिनाभर रजा काढण्यापेक्षा ही एक सुट्टी फार स्वस्त आहे.