‘क्रॉनिक’ या विशेषणाचा यथार्थ प्रयोग

भूम परिसरातील रुग्ण पुढील तपासणीसाठी बार्शी, धाराशिव अथवा सोलापूर येथे जातो, तेव्हा त्याच्यासोबत आपली इंग्रजीतील संदर्भचिठ्ठी जाते. त्या चिठ्ठीत वारंवार आणि बरेचदा सैलपणे योजले जाणारे विशेषण म्हणजे ‘क्रॉनिक’. त्याचा नेमका प्रयोग वैद्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

ग्रीक ‘ख्रोनोस’ म्हणजे काल. त्यावरून आलेले हे विशेषण व्याधीचा काल दर्शविते; बल अथवा साध्यासाध्यता नव्हे. त्याचा प्रतियोगी ‘ॲक्यूट’ म्हणजे अकस्मात उद्भवलेला व अल्पकालीन. तीव्रतेसाठी इंग्रजीत ‘माइल्ड’ व ‘सिव्हिअर’ ही वेगळी विशेषणे आहेत. म्हणून ‘माइल्ड क्रॉनिक पेन’ हा प्रयोग निर्दोष ठरतो.

हा विवेक आपणांस नवा नाही. चरकसंहितेत विमानस्थानाच्या 6 व्या अध्यायात प्रभावभेदाने साध्य-असाध्य आणि बलभेदाने मृदु-दारुण असे व्याधींचे निरनिराळे वर्ग केले आहेत. जीर्णज्वरातील ‘जीर्ण’ हे पद मात्र कालवाचक आहे. ‘क्रॉनिक’चे स्थान या ‘जीर्ण’जवळ आहे, ‘दारुण’ वा ‘असाध्य’जवळ नाही.

कालमर्यादाही व्याधीगणिक बदलते. अतिसार 4 आठवड्यांहून अधिक, प्रौढांचा कास 8 आठवड्यांहून अधिक, वृक्कविकार 3 महिन्यांहून अधिक, तर हिपॅटायटिस बीचा संसर्ग 6 महिन्यांहून अधिक टिकल्यास त्यास ‘क्रॉनिक’ म्हणतात. सबब केवळ विशेषण न लिहिता कालावधीही लिहावा : ‘क्रॉनिक डायरिया फॉर सिक्स वीक्स’. आपल्या ‘पासून’ या शब्दयोगी अव्ययामुळे ‘सिन्स सिक्स वीक्स’ असे सहज लिहिले जाते, ते अशुद्ध आहे. ‘सिन्स’पुढे आरंभाचा दिवस वा वर्ष येते, कालावधीपूर्वी ‘फॉर’ हवा.

हे विशेषण व्याधीच्या नावापूर्वी योजावे, रुग्णापूर्वी नव्हे. ‘क्रॉनिक पेशंट’ या शब्दांतून कोणता व्याधी, किती दिवसांचा, यांपैकी काहीच कळत नाही.

यातील खरा धोका निराळा आहे. दहा वर्षे अम्लपित्त असलेल्या रुग्णास अचानक छातीत दुखू लागले, घाम सुटला, आणि चिठ्ठीवर केवळ ‘क्रॉनिक ॲसिडिटी’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याचे लक्ष जुन्या व्याधीकडे वळते. हृद्रोगाची शंका मागे पडू शकते. येथे ‘ॲसिडिटी फॉर टेन इयर्स, न्यू चेस्ट पेन फॉर टू अवर्स’ असे लिहिणे आवश्यक आहे. जुन्या व्याधीनेच अकस्मात उचल खाल्ली असेल, तर ‘ॲक्यूट ऑन क्रॉनिक’ हा रूढ प्रयोग आहे.

रुग्णाशी बोलताना मात्र ‘जुना आजार’ असेच म्हणावे. ‘क्रॉनिक’ म्हणजे ‘बरा न होणारा’ अशी समजूत झाली, की तो पथ्यही सोडतो आणि औषधही.