उपग्रह की सागरी केबल? जागतिक व्यवसायाचे दूरसंचार मार्ग

वाणिज्य शाखेत आपण दूरध्वनी, फॅक्स, ई-मेल अशी साधने शिकवतो. संदेश प्रत्यक्ष कोणत्या मार्गाने जातो हे मात्र बहुधा राहूनच जाते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये बंगळूर येथे केंद्र उघडले, तेव्हा माहिती अमेरिकेला पाठविण्यासाठी तिने स्वतंत्र उपग्रह जोडणी घेतली. त्या कामास ती पुरेशी होती. संभाषणाचे तसे नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो, उत्तर ऐकू येईपर्यंत अर्धा. परिणामी दोघेही एकदम बोलू लागतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १२ हजार किलोमीटरच्या केबलला म्हणजे ०.०६ सेकंद पुरतो. (हे गणित वर्गात फळ्यावर अवश्य करून दाखवावे.) हैदराबादच्या कॉल सेंटरमधून परदेशी ग्राहकाशी सहज बोलता येते ते यामुळे.

तथापि केबल तुटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल निकामी होऊन भारतातील इंटरनेट सेवा मंदावली. पॅसिफिकमार्गे पर्यायी जोडणी असलेल्या मोठ्या कंपन्या सावरल्या. एकाच मार्गावर विसंबलेल्या लहान व्यावसायिकांना झळ बसली. त्या दोन्ही केबल वेगवेगळ्या यंत्रणांच्या होत्या, पण मार्ग जवळजवळ एकच. म्हणजे दोन कंपन्यांकडून सेवा घेतली की दोन मार्ग मिळाले, असे नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टलाही आपली वाहतूक दुसरीकडून वळवावी लागली.