संगणक ‘मेमरी कमी’ म्हणतो तेव्हा

तायांनो, मार्चअखेरीला गटांच्या नोंदी भरताना जुना संगणक मध्येच ‘मेमरी कमी आहे’ म्हणतो, एक्सेल बंद पडतं आणि सेव्ह न केलेली वसुली पुन्हा भरत बसावी लागते. म्हणून लगेच संगणक भंगारात काढू नका.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा भरला की विंडोज थोडं सामान हार्डडिस्कवर टाकतं, आपण डबे माळ्यावर टाकतो तसं. या माळ्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. माळ्यावरून काढायला वेळ लागतोच, त्यामुळे संगणक बंद पडायचा थांबेल, पण पळणार नाही. वेग हवा तर रॅमच वाढवावी लागते.

आधी सगळं सेव्ह करा. विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’. तिथे ‘परफॉर्मन्स’खालचं ‘सेटिंग्ज’, पुढे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि ‘चेंज’. सगळ्यात वर ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’पुढे टिक हवी. कुणी काढली असेल तर परत करा, ओके म्हणा, संगणक बंद करून चालू करा. बहुतेकांना एवढंच पुरतं. ‘नो पेजिंग फाइल’ मात्र निवडू नका. तो माळाच काढून टाकण्याचा प्रकार!

टिक असूनही अडतंय? मग सी ड्राइव्ह बघा. तो लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला असेल तर माळा वाढणार कुठे? व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवा. आणि दर दहा नोंदींनी कंट्रोल-एस दाबत जा.